रॉक अँड रोलची पाळंमुळं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

महिन्यातून एकदा आमच्याकडे जुन्या रेकॉर्ड्स ऐकायला मंडळी जमतात. कुणी कॉलेजातलं असतं, कुणी निवृत्त. एल्विस, बीटल्स यांच्यापासून सुरुवात होते आणि चहा येईपर्यंत कुणीतरी विचारतंच, "पण हे सगळं आलं कुठून?" गेली काही वर्षं तोंडी देत आलेली उत्तरं इथे लिहून काढली आहेत.

रॉक अँड रोल नेमकं कधी जन्मलं?

त्याची एक तारीख नाही. कुणी एल्विस प्रेस्लीच्या पहिल्या रेकॉर्डचं १९५४ साल सांगतं, कुणी 'रॉकेट ८८'चं १९५१, कुणी फॅट्स डॉमिनोच्या 'द फॅट मॅन'चं १९४९, तर कुणी रॉय ब्राउनच्या 'गुड रॉकिंग टुनाइट'चं १९४७. यातलं कुठलंही साल धरा, त्याच्या दहा वर्षं मागे जाऊन ऐकलंत की तोच ठेका, तीच उसळी आधीपासून वाजत असलेली सापडते. म्हणून मला तारखेपेक्षा माणसं आणि जागा जास्त महत्त्वाच्या वाटतात.

मग मागे जायचं तर किती मागे?

अमेरिकेच्या दक्षिणेतल्या शेतांपर्यंत, गुलामगिरीच्या काळापर्यंत. साउथ कॅरोलायनात १७३९ साली गुलामांनी उठाव केला. दुसऱ्याच वर्षी तिथल्या सरकारनं कायदा केला, त्यात गुलामांना ढोल वाजवायला बंदी होती. ढोलाच्या आवाजानं माणसं एकत्र येतात ही धास्ती होती. ढोल गेले तेव्हा लोकांनी अंगालाच ढोल केलं. मांडीवर, छातीवर थापा, टाळ्या, लाकडी जमिनीवर आपटलेले पाय. आफ्रिकेतून आलेला ताल असा शरीरात शिल्लक राहिला, आणि तो पुढे दोनशे वर्षं टिकला.

दुसरी गोष्ट कामाची गाणी. भलरी ज्यांनी ऐकली आहे त्यांना हे सांगायला नको. एकानं ओळ टाकायची, बाकीच्यांनी झेलायची आणि विळे एका लयीत चालायचे. तिकडे कापसाच्या शेतात, रेल्वेच्या रुळांवर, तुरुंगात हेच चाललं होतं. जॉन लोमॅक्स आणि त्यांचा मुलगा ॲलन यांनी १९३०च्या दशकात मिसिसिपीच्या पार्चमन तुरुंगात जाऊन कैद्यांची गाणी ध्वनिमुद्रित केली. तिथल्या लाकूडतोडीच्या गाण्यांत कुऱ्हाड पडते तिथे सम आहे. दुसरं वाद्यच नाही. एकाची हाक आणि बाकीच्यांचा हुंकार ही जी जोडी आहे, तीच पुढे गायक आणि गिटार यांच्यात येते: गायक एक ओळ म्हणतो, गिटार तिला उत्तर देते.

आणि गिटार नसेल तर? मिसिसिपी डेल्टामधल्या गरीब घरांतली मुलं झाडूला गुंडाळलेली तार सोडवायची, घराच्या लाकडी भिंतीवर दोन खिळे ठोकून ताणायची आणि खाली एक बाटली सरकवून ती घट्ट करायची. मग एका हातानं तार छेडायची आणि दुसऱ्या हातात दुसरी बाटली धरून ती तारेवरून घसरवायची. भिंतच वाद्याचा भोपळा. या एकतारी वाद्याला 'डिडली बो' म्हणतात. तारेवरून काच घसरवून काढलेला तो रडवेला, माणसासारखा आवाज ब्लूज या कृष्णवर्णीयांच्या गाण्यात आला आणि तिथून रॉकच्या गिटारमध्ये.

ब्लूज म्हणजे रडगाणं ना?

नाही. दुःख असतंच, पण चावटपणा, चिडवाचिडवी, बढाई हेही तितकंच असतं. रात्री दारूच्या अड्ड्यावर लोक ब्लूजवर नाचत होते, हे विसरू नका.

रचना सोपी आहे. एक ओळ म्हणायची, तीच पुन्हा म्हणायची आणि मग तिसऱ्या ओळीत तिचा निकाल लावायचा. तीन ओळी मिळून बारा बार, एका बारमध्ये चार मात्रा. म्हणजे ४८ मात्रांचं एक आवर्तन. स्वरांचं सांगायचं तर कोमल गंधार आणि शुद्ध गंधार यांच्या मधे जी जागा आहे ना, ब्लूजचा गायक तिथे राहतो. पियानोवर ती पट्टीच नाही. म्हणून पियानोवाले दोन्ही पट्ट्या जवळजवळ एकदम दाबतात, आणि गिटारवाले तार वाकवतात. आपल्याकडे मींड ऐकलेल्या कानाला हे लगेच कळतं.

ब्लूज कागदावर आणला डब्ल्यू. सी. हँडी यानं. १९०३च्या सुमारास मिसिसिपीतल्या टटवायलर स्टेशनवर गाडीची वाट बघताना त्यानं एका फाटक्या कपड्यांतल्या माणसाला तारांवर सुरी घसरवून गिटार वाजवताना ऐकलं, असं त्यानं पुढे लिहिलं आहे. १९१२ मध्ये त्याचं 'मेम्फिस ब्लूज' छापून आलं. १९२० मध्ये मेमी स्मिथच्या 'क्रेझी ब्लूज'ची रेकॉर्ड एवढी खपली की कृष्णवर्णीय लोकही पैसे देऊन रेकॉर्ड घेतात, हे कंपन्यांना पहिल्यांदा उमगलं. या गाण्यांना मग 'रेस रेकॉर्ड्स' असं नाव पडलं, म्हणजे वेगळ्या जमातीसाठी वेगळा माल.

चर्चचा यात काय संबंध? ती तर भक्तीची गाणी.

हा प्रश्न आला की मला थोडा वेळ लागतो, कारण माझ्या मते रॉक अँड रोलचं हृदय तिथेच आहे.

टाळी कुठे वाजते ते बघा. आपण चार मात्रांच्या ठेक्यावर सहज पहिल्या मात्रेला टाळी देतो. कृष्णवर्णीयांच्या होलिनेस आणि पेंटेकोस्टल चर्चमध्ये टाळी पडते दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर. घरी करून बघा: पाय पहिल्या-तिसऱ्या मात्रेला आपटा आणि टाळी दुसऱ्या-चौथ्याला द्या. दोन मिनिटांत खांदे हलायला लागतात. ड्रमवर हीच टाळी वाजवली की तिला बॅकबीट म्हणतात, आणि तो काढला तर रॉक अँड रोल उरतच नाही. या चर्चमध्ये ढोल, खंजिरी, गिटार, तुतारी सगळ्याला मुभा होती, कारण त्यांच्या मते देवाची स्तुती मोठ्या आवाजातच व्हायला हवी.

अशाच एका चर्चमध्ये सिस्टर रोझेटा थार्प घडली. जन्म १९१५चा, आर्कान्सामधल्या कॉटन प्लँट गावचा. आई मँडोलिन वाजवत धर्मप्रचार करायची. मुलगी शाळेत जायच्या वयाच्या आधीपासून आईबरोबर गिटार घेऊन गात होती. पुढे दोघी शिकागोला आल्या. १९३८ मध्ये तिनं डेका कंपनीसाठी 'रॉक मी' गायलं. गाणं देवाचं, पण बाज असा की नाइटक्लबातले लोक वेडे झाले. ती कॉटन क्लबमध्ये गायला लागली तेव्हा चर्चची माणसं दुखावली. देवाचं गाणं दारूच्या टेबलांमधे कसं म्हणते, हा त्यांचा सवाल होता. तिनं दोन्ही सोडलं नाही.

१९४४ मध्ये तिनं सॅमी प्राइस या बूगी-वूगी पियानोवाल्याला घेऊन 'स्ट्रेंज थिंग्ज हॅपनिंग एव्हरी डे' रेकॉर्ड केलं. दुसऱ्या वर्षी ते बिलबोर्ड या संगीतविषयक साप्ताहिकाच्या रेस रेकॉर्ड्स यादीत दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेलं. भक्तिगीतानं त्या यादीत एवढी मजल मारणं ही तेव्हा नवलाची गोष्ट होती. त्यातली तिची इलेक्ट्रिक गिटार ऐका. तिच्या तारांवरचे ते छोटे छोटे तुकडे दहा-बारा वर्षांनी सगळी पोरं वाजवत होती.

१९४७ मध्ये जॉर्जियातल्या मेकन शहरात तिचा कार्यक्रम होता. तिथल्या सभागृहात थंड पेयं विकणारा चौदा वर्षांचा एक मुलगा कार्यक्रमाआधी तिची गाणी म्हणत होता. तिनं त्याला स्टेजवर बोलावलं, गायला लावलं आणि वर पैसे दिले. तो म्हणजे पुढे रॉक अँड रोल गाजवणारा लिटल रिचर्ड.

तरी थार्प १९७३ मध्ये गेली तेव्हा तिच्या कबरीवर नावाचा दगडही नव्हता. तो बसायला तीस वर्षांहून जास्त काळ गेला. रॉक अँड रोलच्या मानकऱ्यांची नोंद ठेवणाऱ्या 'हॉल ऑफ फेम'नं तिची दखल घेतली ती २०१८ मध्ये. मला याचा राग येतो, आणि तो आला पाहिजे असं वाटतं.

बूगी-वूगी म्हणजे काय?

डाव्या हाताची गंमत. टेक्ससच्या पूर्व भागात जंगलतोड करणाऱ्या मजुरांच्या छावण्यांत दारूच्या झोपड्या असायच्या, तिथे एक मोडका पियानो. वाजवणारा एकटा आणि गलका एवढा की बारीक नजाकतीला कुणी विचारत नव्हतं. म्हणून डावा हात एका बारमध्ये आठ ठोके आगगाडीसारखे धडधडत ठेवायचा आणि उजव्या हातानं वर काय ती मस्ती करायची. पाइनटॉप स्मिथनं १९२८ मध्ये या शैलीचं नाव आपल्या रेकॉर्डवर घातलं आणि काही महिन्यांतच तो वारला.

२३ डिसेंबर १९३८ ला न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये एक मोठी मैफल झाली. गायक बिग जो टर्नर आणि पियानोवर पीट जॉन्सन, शिवाय रोझेटा थार्पही तिथे होती. मिसिसिपीच्या रॉबर्ट जॉन्सन या ब्लूज गायकालाही आयोजक आणणार होते, पण तो चार महिन्यांपूर्वीच गेला होता. त्या मैफलीनंतर बूगी-वूगीची लाट देशभर पसरली. रॉक अँड रोलचा गायक-गिटारवादक चक बेरी गिटारच्या जाड तारांवर जो सततचा 'ढंग-ढंग ढंग-ढंग' वाजवतो, तो म्हणजे पियानोवाल्याचा डावा हातच आहे.

मोठे स्विंग ऑर्केस्ट्रा कुठे गेले?

परवडेनासे झाले. युद्धात वादक सैन्यात गेले, रेकॉर्डसाठी लागणारी लाख मिळेना, १९४२ मध्ये वादकांच्या संघटनेनं रेकॉर्डिंगवर संप पुकारला. सोळा माणसांचा खर्च क्लबवाल्यांना झेपेना. पाच-सहा जणांचे बॅन्ड पुढे आले आणि त्यांना तेवढाच दणका द्यायचा होता. मग सॅक्सोफोन ओरडायला लागला, ड्रम पुढे आले, गिटारला वीज जोडली.

या सगळ्यांत माझा आवडता लुई जॉर्डन. तोही आर्कान्साचाच. त्याच्या बॅन्डचं नाव टिम्पनी फाइव्ह. १९४६ चं 'चू चू चबूगी' रेस रेकॉर्ड्सच्या यादीत तब्बल १८ आठवडे पहिल्या क्रमांकावर होतं. त्याच वर्षीचं त्याचं 'एन्ट दॅट जस्ट लाइक अ वुमन' लावा आणि पहिले काही सेकंदच ऐका. कार्ल होगनची गिटार सुरू होते आणि आमच्या बैठकीत दर वेळी कुणीतरी ओरडतं, "अरे, हे तर जॉनी बी. गुड!" चक बेरीचं ते गाणं १९५८ चं. सुरावट जवळजवळ जशीच्या तशी, आणि बेरीनं ती होगनकडून घेतल्याचं मोकळेपणानं सांगितलं. कार्ल होगन हे नाव मात्र किती जणांना माहीत आहे?

जॉर्डनच्या रेकॉर्ड्स काढणारा निर्माता मिल्ट गॅबलर. एप्रिल १९५४ मध्ये न्यूयॉर्कमध्ये बिल हेलीचं 'रॉक अराउंड द क्लॉक' रेकॉर्ड झालं, तिथेही निर्माता हाच होता. जॉर्डनच्या बॅन्डचा दणका एका गोऱ्या बॅन्डमध्ये कसा पोचला, याचं उत्तर इथे मिळतं.

म्हणजे गोऱ्यांच्या संगीताचा वाटा काहीच नाही?

आहे, आणि तो नाकारणं खोटं ठरेल. टेक्ससमध्ये बॉब विल्स फिडल आणि स्टील गिटार घेऊन जॅझच्या चालीवर गावठी नाच वाजवत होता. त्याला वेस्टर्न स्विंग म्हणतात. त्याचं १९३८ चं 'आयडा रेड' चक बेरीला आवडायचं. त्यावरून त्यानं स्वतःचं गाणं रचलं, तेच १९५५ मध्ये शिकागोच्या चेस कंपनीनं 'मेबलीन' म्हणून काढलं. कृष्णवर्णीय गायक, शिकागोची ब्लूज कंपनी आणि गाण्याचं मूळ काउबॉय लोकांच्या नाचात! उलट बाजूनं बघा: कंट्री संगीताचा राजा मानला गेलेला हँक विल्यम्स गिटार शिकला अलाबामात रस्त्यावर गाणाऱ्या रूफस पेन या कृष्णवर्णीय कलावंताकडून. कायद्यानं शाळा, बस, हॉटेलं वेगळी ठेवली होती, कान वेगळे ठेवता आले नाहीत.

शेतातलं संगीत शहरात कसं आलं?

आगगाडीनं. १९१० ते १९७० या काळात सुमारे ६० लाख कृष्णवर्णीय माणसं दक्षिण सोडून उत्तरेकडे आणि पश्चिमेकडे गेली. मिसिसिपीतून इलिनॉय सेंट्रलच्या गाडीत बसलं की शिकागो. ब्लूज गायक मडी वॉटर्स १९४३ मध्ये असाच गेला. शहरातल्या क्लबांच्या गोंगाटात साधी गिटार ऐकूच जाईना, म्हणून त्यानं इलेक्ट्रिक घेतली. बाकीचं काम रेडिओनं केलं. रात्री दार लावून हलक्या आवाजात रेडिओ ऐकणाऱ्या गोऱ्या पोरांना कुणी अडवू शकत नव्हतं.

'रॉकेट ८८' ही पहिली रॉक अँड रोल रेकॉर्ड का म्हणतात?

मुख्यतः एका बिघाडामुळे. मार्च १९५१ मध्ये आइक टर्नरचा बॅन्ड मिसिसिपीहून हायवे ६१ नं मेम्फिसला सॅम फिलिप्सच्या स्टुडिओत निघाला होता. वाटेत विली किझार्टच्या गिटारचा ॲम्प्लिफायर बिघडला. गाडीवरून पडला असं कुणी सांगतं, पावसात भिजला असं कुणी. स्पीकरचा पडदा फाटला होता. दुरुस्तीला वेळ नव्हता. फिलिप्सनं त्या फाटलेल्या पडद्यात कागद कोंबला आणि गिटार लावली, तर आवाज असा खरखरीत, गुरगुरणारा आला की जणू सॅक्सोफोनच. दुसऱ्या कुणी ती गिटार मागे लपवली असती. फिलिप्सनं ती पुढे आणली. पुढची सत्तर वर्षं गिटारवाले मुद्दाम पैसे खर्चून तो फाटका आवाज विकत घेत आले आहेत.

रेकॉर्डवर नाव लागलं गायक जॅकी ब्रेन्स्टनचं. आइक टर्नर तेव्हा अवघा १९ वर्षांचा होता आणि त्याचं नाव मागे राहिलं. ही 'पहिली' आहे का? मला नाही वाटत. पण त्या खरखरीत आवाजासाठी ती ऐकायलाच हवी.

'रॉक अँड रोल' हे नाव कुणी दिलं?

ॲलन फ्रीडनं ते गाजवलं, शोधलं नाही. हे शब्द आधी खलाशांचे, जहाजाच्या डुलण्यासाठी. चर्चमध्ये ते अंगात येण्यासाठी वापरले जायचे आणि अड्ड्यावर शरीरसंबंधासाठी. १९२२ मध्ये ट्रिक्सी स्मिथच्या गाण्याच्या नावातच 'रॉक' आणि 'रोल' दोन्ही आहेत, तिसऱ्या अर्थानं. १९४२ मध्ये बिलबोर्डनं थार्पच्या गायकीचं वर्णन करताना हा शब्द वापरला होता.

फ्रीड क्लीव्हलंडचा रेडिओ निवेदक. १९५१ पासून तो रात्री ऱ्हिदम अँड ब्लूजच्या, म्हणजे आधी 'रेस' म्हटल्या जाणाऱ्या, रेकॉर्ड्स लावायचा. २१ मार्च १९५२ ला त्यानं तिथल्या एका स्टेडियममध्ये नाचाचा कार्यक्रम ठेवला. जागेच्या मानानं दुपटीच्या आसपास गर्दी लोटली, दारं मोडली आणि पोलिसांनी कार्यक्रम बंद पाडला.

एल्विसनं हे संगीत चोरलं का?

मी 'चोर' म्हणत नाही, 'राजा'ही म्हणत नाही. जुलै १९५४ मध्ये मेम्फिसला निघालेली त्याची पहिली रेकॉर्ड हातात घ्या. एका बाजूला मिसिसिपीच्या आर्थर क्रूडपचा ब्लूज, दुसऱ्या बाजूला बिल मन्रोचं केंटकीचं ब्लूग्रास (गोऱ्यांच्या कंट्री संगीताचा एक प्रकार) गाणं. मन्रोचं मूळ गाणं तीन मात्रांचं, संथ. एल्विसनं ते चारात आणून पळवलं. एकाच तबकडीच्या दोन बाजूंवर दोन मुळं. एवढं प्रेमानं ऐकल्याशिवाय कुणाला गाता येत नाही.

'हाउंड डॉग'चं प्रकरण जास्त गुंतागुंतीचं. ते लिहिलं लीबर आणि स्टोलर या १९ वर्षांच्या दोन गोऱ्या मुलांनी, गायलं बिग मामा थॉर्नटननं, आणि १९५३ मध्ये ते ऱ्हिदम अँड ब्लूजच्या यादीत सात आठवडे पहिलं होतं. एल्विसनं १९५६ मध्ये गायलं ते लास वेगासमध्ये फ्रेडी बेलच्या बॅन्डकडून ऐकून. तरी थॉर्नटनची रेकॉर्ड ऐकल्यावर एल्विसची पातळ वाटते, असं माझं प्रामाणिक मत आहे.

खरा अन्याय पैशात आणि श्रेयात झाला. क्रूडप रॉयल्टीसाठी आयुष्यभर झगडत राहिला. 'मेबलीन'च्या श्रेयात ॲलन फ्रीडचं नाव घुसवलं होतं, आणि पूर्ण हक्क परत मिळायला बेरीला १९८६ उजाडलं. लिटल रिचर्डचं 'टूटी फ्रूटी' पॅट बूननं सोवळं करून गायलं आणि मुख्य यादीत ते रिचर्डच्या पुढे गेलं. दोन्ही लागोपाठ ऐका. मला काही सांगावं लागणार नाही.

आपल्याकडे हे कधी पोचलं?

मुळं तर रॉकच्याही आधी पोचली होती. १९३५ मध्ये लिऑन ॲबीचा कृष्णवर्णीय जॅझ बॅन्ड मुंबईच्या ताजमध्ये वाजवत होता, पुढे पियानोवादक टेडी वेदरफर्डही तिथे आला. त्यांच्याकडून ही चाल उचलली ती गोव्याच्या वादकांनी. हळदोण्याचा आंतोनियो झेवियर वाझ 'चिक चॉकलेट' या नावानं ट्रम्पेट वाजवायचा. तो सी. रामचंद्र यांच्याबरोबर काम करत होता. पुणतांब्याच्या या मराठी संगीतकारानं १९५७ मध्ये 'ईना मीना डीका' केलं, त्यात रॉक अँड रोलची सगळी उसळी आहे. त्यातलं 'माका नाका' हे त्यांचे गोंयकार सहकारी जॉन गोम्स यांनी घातलेलं कोंकणी, असं सांगितलं जातं.

ऐकायला सुरुवात कुठून करू?

जोड्या लावून ऐका. होगनची गिटार आणि मग बेरीची. थॉर्नटन आणि मग एल्विस. 'आयडा रेड' आणि मग 'मेबलीन'. हेडफोन नको, स्पीकर लावा आणि दुसऱ्या-चौथ्या मात्रेला टाळी धरा.

आणि एक चित्रण जरूर शोधा: १९६४, मँचेस्टरजवळचं एक बंद पडलेलं रेल्वे स्टेशन. एका फलाटावर इंग्रज पोरं दाटीवाटीनं बसली आहेत, समोरच्या फलाटावर कलाकार, मधे रूळ. पाऊस नुकताच धो धो पडून गेलाय, सगळं ओलं आहे. रोझेटा थार्प घोडागाडीतून उतरते. अंगात लांब कोट, वय ४९. पांढरी इलेक्ट्रिक गिटार गळ्यात अडकवते आणि पाऊस बघून ठरलेलं गाणं बदलून नोहाच्या महापुराचं गाणं सुरू करते.